देवरुखजवळच्या गावात घरी नेट घ्यायचंय, फायबर घेऊ, एअरफायबर घेऊ की सिमवालं? आणि मॉडेम कुठला?

चिऱ्याचं_घर:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात. मी पुण्यात हडपसरला नोकरीला आहे, ऑफिसने यंदा जून ते सप्टेंबर घरून काम करायला परवानगी दिलीय. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून साधारण ७ किलोमीटरवर एका वाडीत. घरी अप्पा (७४) आणि आई (६९) दोघंच असतात, त्यामुळे हे चार महिने तिथे राहायचं मी ठरवलंच आहे, फक्त नेटचं काय ते कळत नाहीये.

घरी जुना लँडलाइन आहे, अजून चालतो, अप्पांचा सगळा गोतावळा त्याच नंबरवर फोन करतो. त्याच वायरवर १२-१३ वर्षांपूर्वी ब्रॉडबँड घेतलेलं, जेमतेम १ एमबीपीएस मिळायचं म्हणून बंद केलं, तो मॉडेम अजून कपाटात आहे. मोबाइलला अंगणात चांगली रेंज, माजघरात एक काडी.

आता पर्याय असे कानावर आलेत. एक, टेलिफोन एक्सचेंजचं फायबर, वाडीच्या तोंडापर्यंत आलंय म्हणे. दुसरं, गावातला केबलवाला स्वतःचं फायबर देतो. तिसरं, छपरावर डबा लावून मिळतं ते एअरफायबर. चौथं, सिम घालायचा राउटर घेऊन मोकळं व्हायचं. कोण म्हणतं ३० एमबीपीएस पुरे, कोण म्हणतं २०० च्या खाली घेऊच नको. मॉडेम आपला घ्यायचा की कंपनीचा, जुना चालेल का, आणि अप्पांचा नंबर टिकेल का, एवढं जाणकारांनी सांगा. माझं काम म्हणजे दिवसभर व्हिडिओ मीटिंग आणि ऑफिसच्या सर्व्हरला जोडून राहणं, पाच मिनिटं गेलं तरी पंचाईत होते.

जुना_लाइनमन:

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी दूरसंचार खात्यात लाइनवर आयुष्य घालवलं, नंतर केबल जॉइंटिंगला होतो, निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली.

आधी तुमच्या जुन्या नेटचं सांगतो म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. घरापर्यंत जी तांब्याची जोडी येते ती एक्सचेंजच्या एमडीएफवरून, म्हणजे सगळ्या लाइनी जोडतात त्या चौकटीवरून निघते, तिथून पिलर म्हणजे रस्त्याकडेचं कपाट, पिलरवरून डीपी म्हणजे खांबावरची पेटी, डीपीवरून ड्रॉप वायर आणि मग तुमची ओटी. त्याच जोडीवर आवाज खालच्या फ्रिक्वेन्सीत जातो आणि ब्रॉडबँड वरच्या, म्हणून तर तो छोटा पांढरा स्प्लिटर लावायला लागायचा, नाहीतर फोनमध्ये खरखर. ह्याला एडीएसएल म्हणतात. पुस्तकात एडीएसएल २ प्लसला २४ एमबीपीएस लिहिलेलं असतं ते एक्सचेंजच्या दारात राहणाऱ्याला. वरची फ्रिक्वेन्सी तांब्यात लवकर मरते, किलोमीटरमागे सिग्नल पडत जातो, आणि ४-५ किलोमीटरच्या पुढे १-२ एमबीपीएस मिळालं तर नशीब. तुम्हाला १ मिळत होतं ते अंतरामुळे, त्यात मॉडेमचा काही दोष नव्हता. आणि त्या काळी ते कमीही नव्हतं बरं का, २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलेलं होतं, ती व्याख्या सरकारने २ एमबीपीएसवर नेली ती २०२३ च्या जानेवारीत.

फायबरला ही भानगड नाही. आत काच, त्यातून उजेड जातो. घरगुती फायबरला जी पद्धत वापरतात तिला जीपॉन म्हणतात, एक्सचेंजमधल्या ओएलटी नावाच्या मशीनपासून २० किलोमीटरपर्यंत आरामात चालतं आणि मध्ये कुठेही वीज लागत नाही. एक फायबर निघतो, वाटेत स्प्लिटर बसवून त्याचे ३२ किंवा ६४ फाटे करतात, त्यातला एक तुमच्या घरी. एक्सचेंजकडून घराकडे जाताना साधारण अडीच जीबीपीएस आणि घराकडून येताना सव्वा जीबीपीएस एवढी सगळ्यांत मिळून क्षमता. ७ किलोमीटर म्हणजे फायबरला काहीच नाही.

आता नंबरचं. त्याच एक्सचेंजचं फायबर घेतलंत तर तांब्यावरचा जुना नंबर सहसा फायबरवर नेता येतो, अर्ज भरताना तसं स्पष्ट सांगायचं, नाहीतर नवीन नंबर देऊन मोकळे होतात. फोनची वायर मग भिंतीतल्या रोझेटला, म्हणजे फोनच्या जुन्या डबीला न लावता ओएनटीच्या, म्हणजे फायबर घरात येऊन जिथे संपतो त्या डब्याच्या मागच्या फोनच्या भोकात लावायची.

पण इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही ती मी सांगतो आणि ती तुमच्या आईवडलांसाठी नेटपेक्षा महत्त्वाची आहे. तांब्यावरच्या फोनला वीज एक्सचेंजमधून यायची, ४८ व्होल्टची बॅटरी तिकडे असायची, म्हणून वादळात गावची लाइट गेली तरी फोन वाजायचा. काचेतून वीज येत नाही. लाइट गेली की ओएनटी बंद आणि ओएनटी बंद की फोन मुका. जुलैमध्ये दोन दोन दिवस लाइट नसते तुमच्याकडे, मला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा फायबर घ्या, जरूर घ्या, पण पहिल्या दिवसापासून बॅकअप ठेवा. ओएनटी कुणी का देईना, बॅकअप तुमचा तुम्हीच करायचा आहे.

लांज्याची_सून:

मी गेली दीड वर्षं गावी राहून काम करतेय, एअरफायबरवर. त्यामुळे त्याचं मी सांगते.

पहिलं म्हणजे नावात फायबर आहे म्हणून घरी फायबर येत नाही, हे आमच्या सासऱ्यांना समजवायलाच मला आठवडा लागला. जिओचं असो नाहीतर एअरटेलचं, दोघांनीही ते २०२३ मध्ये आणलं, आणि आहे काय तर ५जी चा टॉवर, छपरावर किंवा भिंतीवर एक अँटेनावाला डबा, तिथून केबल घरात आणि घरात वायफाय राउटर. म्हणजे मोबाइलचंच नेट, फक्त अँटेना मोठा आणि उंचावर, त्यामुळे तुमच्या खिशातल्या फोनला एक काडी असली तरी छपरावरच्या डब्याला पुरेसं मिळू शकतं.

माझा अनुभव सकाळी ६ ला १५० च्या वर आणि रात्री ९ ला, सगळी वाडी मोबाइल घेऊन बसली की, २५-३०. मीटिंगला २५ पण पुरतं खरं सांगायचं तर, त्रास होतो तो स्पीड कमी झाला म्हणून नाही, तर खालीवर होत राहतं म्हणून, मध्येच दोन सेकंद आवाज तुटतो आणि समोरचा म्हणतो पुन्हा सांगा.

पावसाचं लोक फार घाबरवतात. इथे ५जी जास्त करून ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं, नुसत्या पावसाने ते काही मरत नाही. त्याला अडवतं ते मध्ये येणारं डोंगराचं नाक आणि झाडं. आमच्या इथे मार्चमध्ये बसवलं तेव्हा समोरच्या सागाला पान नव्हतं, सगळं मस्त चाललं, जूनमध्ये साग हिरवागार झाला, ओल्या पानांनी सिग्नल निम्म्यावर. शेवटी डबा दुसऱ्या टोकाला हलवायला लागला. तेव्हा दादा, बसवायला माणूस आला की त्याला एकाच जागी ठोकू देऊ नका, दोन तीन जागी धरून स्पीड बघायला लावा, आणि मधली झाडं पावसाळ्यात कशी दिसतील ते डोळ्यासमोर आणून बघा.

आणखी एक, डेटाची मर्यादा विचारा. फायबरच्या अनलिमिटेड प्लॅनला बहुतेक ठिकाणी महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती घरगुती माणसाला संपत नाही. एअरफायबरची त्याहून बरीच कमी असते. संपली की स्पीड पाडतात. घरात दोघं जण मोठ्या टीव्हीवर सिरीयल बघत असतील तर विचार करा.

फायबर वाडीच्या तोंडापर्यंत आलाय म्हणताय तर माझं मत फायबरलाच. मला मिळत नाही म्हणून मी ह्यावर आहे, उद्या मिळालं तर परवा बदलेन.

चिऱ्याचं_घर:

काका, ते लाइट गेल्यावर फोन मुका होतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अप्पांना रात्री काही झालं तर आई त्याच फोनवरून लावते, तिला मोबाइल नीट जमत नाही. म्हणजे बॅकअप आधी. आणि ताई तुमचं सागाचं वाचून मी अप्पांना फोन करून विचारलं टॉवरच्या बाजूला काय आहे, तर म्हणाले फणस, दोन आंबे आणि मग डोंगरच. एअरफायबर बाद धरतो.

आता मॉडेमचं कोणी सांगेल का, दुकानदार हजारापासून सहा हजारापर्यंत काय काय दाखवतोय.

पॅचकॉर्ड:

मॉडेमचं मी सांगतो, सांगलीला आमचं नेटवर्किंगचंच काम आहे. आधी शब्दांचा गुंता सोडवू कारण दुकानात निम्मे पैसे त्यात जातात. लोक सगळ्याच डब्यांना मॉडेम म्हणतात पण डबे वेगवेगळे आहेत. कपाटातला तुमचा जुना तो एडीएसएल मॉडेम, त्याला फोनची वायर लागते. शहरात टीव्हीच्या जाड काळ्या केबलवरून नेट येतं तिथे केबल मॉडेम लागतो, तुमच्याकडे संबंध नाही. फायबरला लागतो ओएनटी, काही जण ओएनयू म्हणतात, त्याला मागे हिरवं किंवा निळं चौकोनी भोक असतं, काचेची वायर त्यात जाते. आणि राउटर हा चौथाच, तो फक्त आलेलं नेट घरात वाटतो. हल्ली ओएनटीच्या पोटातच राउटर आणि वायफाय असतं म्हणून सगळं एकच वाटतं.

म्हणजे जुना मॉडेम फायबरला चालणार नाही. पण फेकू नका! त्याला मागे पिवळी लॅनची भोकं आणि वायफाय असेल तर त्यातलं डीएचसीपी (घरातल्या प्रत्येक उपकरणाला आपोआप पत्ता वाटणारी सोय) बंद करा, त्याचा आयपी पत्ता बदला म्हणजे ओएनटीच्या पत्त्याशी भांडण होणार नाही, आणि ओएनटीपासून लॅनची वायर ओढून मागच्या खोलीत लावा. अप्पांना व्हॉट्सअॅपवर फोटो बघायला तेवढं भरपूर झालं.

आता नवा घ्यायचा की कंपनीचा. काही कंपन्या आपलाच डबा लावतात, दुसरा चालवूच देत नाहीत, तिथे विषय संपला, डिपॉझिट परत मिळणार का एवढं लिहून घ्या. जिथे स्वतःचा चालतो तिथे तीन गोष्टी बघा. एक, तो समोरच्या ओएलटीशी जमणारा हवा. बाजारात जीपॉन आणि ईपॉन अशा दोन जाती आहेत, दोन्हीवर चालणारा एक्सपॉन म्हणून मिळतो तो घेतलेला बरा, तरीही विकत घेण्याआधी लाइन जोडणाऱ्या माणसाला मॉडेलचं नाव विचारा कारण डब्याचा सिरीयल नंबर त्याला तिकडे मशीनमध्ये चढवायला लागतो आणि काही मॉडेल काही मशीनवर हट्टीपणा करतात. फोन पण हवाय ना, मग मागे फोनचं भोक असलेलाच घ्या, स्वस्तातल्या डब्यांना ते नसतं आणि ते नंतर बसवता येत नाही. दोन, ड्युअल बँड, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन्ही वायफाय देणारा. तीन, लॅनचं भोक गिगाबिट आहे का. स्वस्त डब्यांत १०० चंच असतं, मग तुम्ही २०० चा प्लॅन घेऊन वायर लावली तरी ९५ च्या पुढे काटा जात नाही आणि शिव्या कंपनीला पडतात.

बँडचं जरा नीट सांगतो कारण तुमचं नावच चिऱ्याचं घर आहे. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतं, पण सावकाश आणि शेजारच्यांच्या गर्दीत, अर्थात वाडीत गर्दी कुठली. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जांभ्याची, म्हणजे चिऱ्याची एक भिंत मध्ये आली की निम्मं, दोन आल्या की संपलं. जांभा चांगला वीतभर जाड असतो आणि पावसाळ्यात ओल धरतो, पाणी वायफाय खातं. त्यामुळे ओएनटी ओटीवर टांगून माजघरात लॅपटॉप घेऊन बसलात तर नेट घरी येऊनही तुम्हाला मिळणार नाही. जिथे बसून काम करणार तिथपर्यंत लॅनची कॅट ५ ई जातीची वायर ओढा आणि लॅपटॉपला सरळ खोचा. कौलारू घर असेल तर वाशांवरून वायर नेणं सोपं, भिंत फोडायला लागत नाही. वायरला वायफायची सर नाही, मीटिंगवाल्याने तर वायरच वापरावी असं माझं ठाम मत आहे.

किती एमबीपीएस विचारलंत. मीटिंगचा एचडी व्हिडिओ जाऊन येऊन ३-४ एमबीपीएस खातो. टीव्हीवर ४के चित्र बघायला १५ धरा. म्हणजे तिघांच्या घराला ५० एमबीपीएस म्हणजे ऐसपैस. फक्त अपलोड किती ते विचारा, मीटिंगमध्ये तुमचा चेहरा आणि आवाज अपलोडवरून जातो, जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते डाउनलोड. आणि एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० च्या लाइनवर डाउनलोड साडेबाराच्या आसपास दिसतं, ती फसवणूक नव्हे. बिल धरताना १८ टक्के जीएसटी वेगळा, ४९९ चा प्लॅन हातात ५८९ ला पडतो.

जुना_लाइनमन:

पॅचकॉर्ड यांनी छान सांगितलं. हिरवं आणि निळं भोक याबद्दल एवढंच जोडतो की ते रंग शोभेचे नाहीत. हिरव्यात काचेचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्यात सरळ. हिरवा निळ्यात खोचला तर बसतो पण उजेड वाया जातो. लोक घाईत खोचतात आणि महिनाभर स्लो स्लो म्हणत बसतात.

आणि जोडणी झाल्यावर त्या पोराकडून पॉवर मीटर, म्हणजे घरापर्यंत उजेड किती पोचतो ते मोजणारं यंत्र, लावून घ्या, आकडा डायरीत लिहून ठेवा. उणे १८ ते उणे २३ डीबीएमच्या मध्ये आलं तर काम चोख. उणे २५ च्या पुढे गेलं तर पहिल्याच पावसात त्रास देणार आणि उणे २७-२८ ला ओएनटीचा जीव जातो, लॉसचा लाल दिवा लागतो. चांगला आकडा येत नसेल तर वाटेत कुठेतरी जॉइंट वाईट आहे किंवा केबल काटकोनात वळवलीय. काच वाकते पण तिला गोलाई लागते, खिळा ठोकून दाबली की उजेड बाहेर सांडतो.

केबलवाला_दादा:

मी चिपळूणच्या बाजूचा, २००६ पासून केबल टीव्ही, आता फायबर पण देतो, मोठ्या कंपनीचं नेट घेऊन पुढे वाडीवाडीत पोचवतो. इथे सगळे तंत्र सांगतायत ते बरोबर आहे पण मी तुम्हाला आमच्या बाजूने एक सांगू का, गावात नेट घेताना कंपनीचं नाव दुसरं, पहिलं बघायचं की तुटल्यावर शिडी घेऊन कोण येणार. एक्सचेंजचं फायबर असू दे, खाजगी असू दे, खेड्यात शेवटचे दोन किलोमीटर बहुतेक वेळा कोणीतरी स्थानिक पोरगाच सांभाळत असतो, भागीदारीत. तो पोरगा कोण, कुठे राहतो, त्याच्याकडे तुटलेली काच जोडायचं स्प्लायसिंग मशीन स्वतःचं आहे की तो रत्नागिरीहून मागवतो, हे विचारा. मशीन स्वतःचं असलं तर तुटलेली लाइन अर्ध्या दिवसात उभी राहते आणि मागवायला लागलं तर चार दिवस, पावसात आठ.

आमच्याकडे केबल का तुटते सांगतो, फांद्या पडतात हे तर सगळ्यांना माहीत आहे, पण माकडं! अख्खी टोळी केबलवरून जाते, लोंबकळते, आणि खार कुरतडते ती वेगळीच. मग रस्त्याचं काम, जेसीबीवाला विचारत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा माझ्या दुकानातलं ओएलटी, बॅटऱ्या, सगळं गेलं, मशीनच्या आत चिखल, आठ-दहा दिवस मी आणि माझा भाचा नुसते खांबावर चढउतार करत होतो, लोकांचे नातेवाईक मुंबईहून फोन करत होते की आमची माणसं कशी आहेत बघून सांगा. तेव्हापासून मशीन मी वरच्या मजल्यावर ठेवतो आणि वाटेतले स्प्लिटरचे डबे माणसाच्या डोक्याच्या वर.

तर तुम्ही काय करा, त्या पोराला सांगा की घराजवळ १५-२० मीटर केबल जास्तीची गुंडाळून ठेव. उद्या तुटली तर नवीन केबल आणायची वाट बघायला नको, ओढून जोडता येते. आणि केबल कुठली घालतो ते बघा, ड्रॉप केबलला आधाराला बहुतेक पोलादी तार असते. काचेतून वीज जात नाही पण त्या तारेतून जाते, आमच्याकडे मे आणि ऑक्टोबरला विजा काय पडतात तुम्हाला माहीत आहे. ती तार घराच्या बाहेरच कापायची, आत फक्त काच आणायची. किंवा पोलादी तारेऐवजी आधाराला फायबरग्लासची काडी असलेली केबल मिळते, थोडी महाग पडते, ती सगळ्यात चांगली. एअरफायबरवाल्या ताईंनी पण जपा, त्या डब्यातून तांब्याची वायर घरात येते, वीज चमकायला लागली की अॅडॉप्टर काढून ठेवा.

लाइनला नावं ठेवणारे खूप येतात, पण गेल्या गणपतीत एका घरी लाल दिवा लागला तर त्यांनी मला सकाळी ७ ला फोन केला, मी ९ ला पोचलो, फांदी पडलेली दिसली, १० ला चालू. दुसऱ्या घरी चार दिवस कोणी बोललंच नाही आणि पाचव्या दिवशी थेट भांडायला आले. लाल दिवा दिसला की लगेच कळवा एवढंच म्हणणं आहे.

लांज्याची_सून:

दादा विजेचं बरं सांगितलंत, माझा एक राउटर गेल्या मे मध्ये असाच गेला. मला वाटलं राउटरच खराब निघाला.

पॅचकॉर्ड:

बॅकअपचं राहिलं. घराला इन्व्हर्टर असेल तर ओएनटी त्यावर टाका. नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तळहाताएवढा, आत लिथियमच्या बॅटऱ्या. ओएनटीच्या अॅडॉप्टरवर काय लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ किंवा दीड अँपिअर असतं, यूपीएस तेवढे अँपिअर देणारा हवा, व्होल्ट चुकले तर डबा जळेल. साधारण ३-४ तास मिळतात. रात्रभर हवं असेल तर १२ व्होल्टची मोठी बॅटरी आणि चार्जर, पण ते कुणा माहितगाराकडून लावून घ्या.

एक लक्षात ठेवा, घरात बॅकअप असून एक्सचेंजची किंवा ओएलटी जिथे आहे तिथली बॅटरी संपली तर नेट जाणारच. मोबाइलच्या टॉवरचंही तेच, डिझेल संपलं की टॉवर झोपतो. म्हणून नोकरी ज्याच्यावर अवलंबून आहे त्याने दोन वेगळ्या वाटा ठेवाव्यात. तुमची पहिली वाट फायबर, दुसरी म्हणजे सिमवाला छोटा ४जी राउटर, तो अंगणाकडच्या खिडकीत ठेवायचा जिथे रेंज आहे. सिमवरच सगळं भागवू नका, दिवसभराच्या मीटिंगा त्याला झेपायच्या नाहीत, पण फायबर जोडेपर्यंतचे दोन तास तो तुमची अब्रू वाचवेल. सिम शक्यतो वेगळ्या कंपनीचं घ्या.

चिऱ्याचं_घर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो. परवा शनिवारी गावी आलो, आल्या आल्या केबलवाला दादांनी सांगितलं तसं आधी माणूस शोधला. एक्सचेंजचं फायबर आमच्या वाडीत जो सांभाळतो तो शेजारच्या वाडीतला, माझ्या शाळेतल्या मित्राचा धाकटा भाऊ निघाला, मशीन त्याचं स्वतःचं आहे, आणि त्याने मला विचारायच्या आधीच सांगितलं की दादा पावसात मी फोन उचलतो पण झाड पडलेलं असेल तर उजाडेपर्यंत चढत नाही. मला ते पटलं.

काल दुपारी जोडून दिलं. प्लॅन ६० एमबीपीएसचा घेतला. ओएनटी फोनच्या भोकाचा, ड्युअल बँड, त्यानेच सांगितलेल्या मॉडेलचा मी रत्नागिरीहून आणला होता. मीटर लावला तर उणे २१.४, डायरीत नाही, अप्पांनी खडूने दाराच्या मागे लिहिलंय तारखेसकट. नंबर बदलून यायला तीन चार दिवस लागतील म्हणाला, तोवर जुनी तांब्याची लाइन तशीच ठेवलीय. वायर वाशांवरून माजघरात आणली, आज सकाळी पहिली मीटिंग वायरवर झाली, दीड तास, एकदाही तुटली नाही. छोटा यूपीएस मागवलाय, गुरुवारी येतोय. जुना मॉडेम रात्री लावून बघतो मागच्या खोलीत, डीएचसीपी कुठे बंद करायचं ते सापडलं.

एकच शंका, दादांना. जास्तीची केबल त्याने गुंडाळी करून अंगणातल्या फणसाला बांधलीय आणि तिथूनच ताणून घरात घेतलीय. चालेल ना?

केबलवाला_दादा:

नाही चालणार. वाऱ्यात फणस हलतो, घर हलत नाही, दर झोक्याला केबल ताणली जाते आणि पहिल्या मोठ्या वादळात कनेक्टरपाशीच निसटते. शिवाय फणस पिकला की माकडं तिथेच येणार. गुंडाळी सोडवून घराच्या भिंतीवर पागोळ्या पडत नाहीत अशा जागी खुंटीला अडकवा, भाताच्या थाळीएवढा गोल ठेवा, त्याहून लहान नको. खांबावरून केबल सरळ घराच्या खुंटीला आली पाहिजे, मध्ये झाड नको. आणि खुंटीवरून घरात शिरताना केबलला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी त्या झोळावरून गळून जाईल, केबलीबरोबर भिंतीत येणार नाही. त्या पोराला माझं नाव सांगितलं तरी चालेल, उद्याच करून घ्या, पाऊस लागायच्या आत.